५१२ रुपयांचा फरक



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज लॅपटॉपबद्दल लिहिते आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा अडकल्या आहेत की एक सांगितली की दुसरी सांगावीच लागते.

लॅपटॉप म्हणजे मुलीने नवा घेतल्यावर मला दिलेला जुना. सहा-सात वर्षांचा असेल. मला तेवढा पुरतो. मंडळाचा हिशेब मी चौदा वर्षं ठेवते आहे, आधी लाल वहीत आणि आता एक्सेलमध्ये. १९८२ साली इथल्या बी. वाय. के. महाविद्यालयातून बी.कॉम. झाले, त्याचा उपयोग नोकरीत कधी झाला नाही, पण मंडळात झाला. हिशेबाला नावं ठेवायला कुणाला जागा मिळू नये, एवढी एक हौस मला आहे.

२०२४ च्या चातुर्मासात हा लॅपटॉप अधूनमधून बंद पडायला लागला. नुसता बंद नाही. मधेच पडदा निळा व्हायचा, वर दोन टिंबं आणि कंस काढून केलेला रडका चेहरा, खाली इंग्रजीत दोन ओळी, आणि मग आपोआप पुन्हा सुरू. पहिल्यांदा वाटलं वीज गेली. पण बॅटरीवर असताना वीज कशी जाईल? आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आणि पर्युषण जवळ आले तेव्हा दिवसातून तीन वेळा.

आमचे हे म्हणाले, पिठामुळे असेल. आमची घरघंटी आणि जेवणाचं टेबल एकाच खोलीत. चातुर्मासात पीठ ताजंच लागतं, त्यामुळे घंटी रोज चालते आणि लॅपटॉप त्याच टेबलावर. मलाही ते पटलं. एम. जी. रोडच्या बाजूच्या एका दुकानात नेला. त्याने मागचं झाकण काढून पंखा साफ केला, खरंच पांढरा थर निघाला, आणि वर फॉरमॅट मारून विंडोज नवं टाकून दिलं. माझ्या फाइली डी ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. चार दिवस ठीक चाललं, पाचव्या दिवशी पुन्हा निळा पडदा. परत गेले तर म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय काकू, आता नवाच घ्या." काहीही न तपासता त्याने हे सांगितलं. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले.

आता मंडळाकडे येते. त्या महिन्यात स्वामीवात्सल्य आणि आयंबिल खात्याच्या पावत्या होत्या दोनशेच्या वर. रोख सांभाळतात आमच्या एक काकी. वय पंच्याहत्तरच्या घरात, एकट्या राहतात, कापडी बटव्यात नोटा आणि पावतीपुस्तक घेऊन घरोघरी जातात. एक्सेलमधली बेरीज आली १,३८,४६२. काकींची रोख आणि बँकेतली जमा मिळून झाले १,३७,९५०. फरक ५१२ रुपये.

फरक शोधायच्या ज्या युक्त्या कॉलेजात शिकवल्या होत्या त्या मी सगळ्या केल्या. तेरीज जुळत नसेल तर फरकाला आधी दोनाने भागायचं, कारण एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक तिच्या दुप्पट येतो. ५१२ चे निम्मे २५६. अशी एकही नोंद नव्हती. मग नऊने भागायचं. आकड्यांची अदलाबदल झाली, ४५ च्या जागी ५४ लिहिलं, की फरकाला नेहमी नऊचा भाग जातो. ५१२ ला जात नाही. पूर्ण ५१२ ची एखादी पावती राहिली का किंवा दोनदा लागली का, तेही नाही. उरला शेवटचा उपाय, स्थळप्रत आणि पडदा शेजारी ठेवून एकेक पावती टिक करत जायचं. तीनदा बसले. तिन्ही वेळा मधेच निळा पडदा आला आणि माझा धागा तुटला. दरम्यान बैठकीचा दिवस आला.

बैठकीत मी फरक सांगितला. सांगायलाच हवा होता. एक सभासद म्हणाल्या, "काकींचं आता वय झालं, नोटा मोजताना चिकटून गेल्या असतील." त्या वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. पण खोलीत सगळ्या गप्प झाल्या, आणि मीही गप्प बसले. त्याच क्षणी मला म्हणता आलं असतं की माझीही तपासणी अजून पूर्ण झालेली नाही, माझं यंत्रच बिघडलेलं आहे. मी म्हटलं नाही. चौदा वर्षांत माझा हिशेब कधी चुकला नाही, याचा मान मनात कुठेतरी बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी दारात. हातात पाकीट. "माझ्याकडूनच गेले असतील गं. लक्षात राहत नाही हल्ली." पाकिटात पाचशेची एक नोट, दहाची एक आणि दोनचं नाणं. मी नको नको म्हटलं, दोनदा. तिसऱ्यांदा घेतलं. फरकाच्या खात्यात जमा दाखवले आणि तेरीज जुळली. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतो असं नाही, हे आमचे प्राध्यापक वर्गात किती वेळा सांगायचे. एक चूक दुसरीला झाकते, बेरीज छान येते.

त्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. ती हिंजवडीला कंपनीत हार्डवेअरच्या तपासणीचंच काम करते. मी लॅपटॉपचं रडगाणं गायलं, दुकानदाराचं सांगितलं, आणि ओघात म्हटलं की वर हिशेबात ५१२ चा फरक, त्याने डोकं फिरलंय. फोनवर ती क्षणभर थांबली. "मावशी, पाचशेबाराच? नक्की?"

मी म्हटलं, नक्की.

"हा माणसाचा आकडा नाही गं. हा कॉम्प्युटरचा आकडा आहे."

तिने समजावलं ते मला आपल्या दुकानाच्या भाषेत समजलं, तसंच सांगते. समजा तुमच्याकडे वजनं आहेत एक, दोन, चार, आठ, सोळा, अशी प्रत्येक पुढचं दुप्पट. ही वजनं घेऊन कुठलाही आकडा तोलता येतो. २१०० तोलायचे तर २०४८, ३२, १६ आणि ४ ही वजनं पारड्यात टाकायची, बाकीची खाली ठेवायची. कॉम्प्युटर प्रत्येक आकडा असाच ठेवतो, कुठलं वजन पारड्यात आहे आणि कुठलं नाही एवढंच. एक वजन म्हणजे एक बिट. आता कुणी नकळत ५१२ चं वजन त्याच पारड्यात टाकलं, तर २१०० चे २६१२ होतात. माणूस चुकतो तेव्हा शेजारचं बटण दाबतो, आकडे उलटे लिहितो, शून्य विसरतो. यंत्र चुकतं तेव्हा एखादं वजन उचलतं किंवा ठेवतं.

तिने बेल्जियमची गोष्ट सांगितली. १८ मे २००३ च्या निवडणुकीत, ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात, मतदान यंत्रावर एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. शक्य होती त्याहून जास्त मतं आली म्हणून लक्षात आलं. पुन्हा मोजणी केली, आज्ञावली तपासली, चूक सापडली नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. ४०९६ हे त्याच वजनांतलं एक वजन आहे. ५१२ ची दुप्पट करत जा, तीन वेळा.

मी विचारलं, पण मेमरी म्हणजे तीच ना, जिच्यात माझ्या फाइली असतात? नाही म्हणाली. फाइली असतात डिस्कवर, ती पक्की वही. रॅम म्हणजे कच्ची वही. फाइल उघडली की पक्क्या वहीतून कच्च्यात उतरवून घेतात, तिथेच खाडाखोड, बेरजा, आणि सेव्ह केलं की पुन्हा पक्क्यात. कच्च्या वहीच्या एखाद्या पानावर शाई फुटत असेल, तर तिथून जे पक्क्यात जाईल ते चुकीचंच जाईल, आणि पक्की वही बिचारी विश्वासाने तेच लिहून ठेवेल. माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी, म्हणजे अशी सहा हजार आठशे कोटींहून जास्त घरं. प्रत्येक घरात विजेचा एक कण भरलेला किंवा रिकामा. तो गळून जातो म्हणून सेकंदात अनेकदा पुन्हा भरत राहावा लागतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी या पद्धतीचं पेटंट १९६८ मध्ये मिळवलं, आणि अजून तीच पद्धत चालू आहे.

मग माझ्या लक्षात आलं ते असं. त्या खराब घरात विंडोजचा स्वतःचा काही मजकूर आला की निळा पडदा येतो. पण तिथे माझी पावती आली तर काहीच होत नाही. पडदा निळा होत नाही, चेहरा रडत नाही, आकडा फक्त बदलतो. मी इतके दिवस निळ्या पडद्यावर चिडत होते, आणि खरं नुकसान तो नसताना होत होतं.

आता तपासणी कशी केली ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींकडे मुलांचे जुने लॅपटॉप आहेत.

भाचीने आधी वही करायला लावली. दरवेळी बंद पडला की तारीख, वेळ, काय चालू होतं, आणि निळ्या पडद्यावर "स्टॉप कोड" म्हणून जे लिहिलेलं असतं ते. चार नोंदींत तीन वेगळे कोड आले. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा आयआरक्यूएलचं काहीतरी लांबलचक. नेहमी एकच कोड येत असेल तर एखाद्या ड्रायव्हरचा संशय घ्यायचा. दरवेळी वेगळा आला तर आधी रॅम बघायची.

दुसरी सूचना, जोवर तपासणी होत नाही तोवर यावर काही लिहायचं नाही. फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करायच्या नाहीत, कारण कॉपीसुद्धा त्याच कच्च्या वहीतून जाते. दुकानदाराने नवं विंडोज टाकलं तेही खराब रॅममधूनच उतरलं होतं. फॉरमॅट मारून काही बरं का झालं नाही, ते तेव्हा कळलं.

मग विंडोजमध्येच असलेली तपासणी. स्टार्टजवळच्या शोधाच्या जागेत विंडोज मेमरी डायग्नोस्टिक असं इंग्रजीत टाइप करायचं, "आत्ता रीस्टार्ट करा" हा पर्याय घ्यायचा. निळ्या पडद्यावर टक्के सरकत जातात. माझ्याकडे निकाल आला, दोष आढळला नाही. माझा जीव एकदम खाली आला. म्हणजे पुन्हा काकींवरच! पण भाची म्हणाली, ही तपासणी वरवरची आहे. हिच्यात नापास झालं तर रॅम नक्की खराब, पास झालं तर काहीच सिद्ध होत नाही.

खरी तपासणी मेमटेस्ट८६ नावाची. १९९४ साली ख्रिस ब्रॅडी यांनी लिहिलेली, आजही मोफत मिळते. ती पेनड्राइव्हवर घ्यावी लागते आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा प्रवचनांचा पेनड्राइव्ह घेऊ नका. ती शेजारच्या मुलीच्या चांगल्या लॅपटॉपवर तयार करून घेतली, माझ्यावर नाही, कारण वरचंच. लॅपटॉप सुरू होताना एक ठरावीक बटण दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं, माझं एफ१२ होतं. विंडोज सुरूच होत नाही, म्हणून रॅमची जवळजवळ सगळी घरं तपासायला मोकळी मिळतात. प्रत्येक घरात एक आकडा लिहायचा, पुन्हा वाचायचा, तोच आहे का बघायचं, मग उलटा लिहायचा, मग वेगळ्या क्रमाने. अशा चार फेऱ्या. रात्री साडेनऊला लावलं. प्रतिक्रमण, जेवण सगळं आधीच आटोपलेलं, मी जपमाळ घेऊन समोर बसले, पण खरं सांगते, माळेत लक्ष नव्हतं. दहाच्या सुमाराला लाल ओळी आल्या. काय लिहिलं होतं आणि काय वाचलं, दोन्ही शेजारी शेजारी. फोटो काढून पुण्याला पाठवला. उत्तर आलं, "प्रत्येक ओळीत एकच बिट चुकतोय. झोप आता."

माझ्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन पट्ट्या, चार-चार जीबीच्या. दोष कुठल्या पट्टीत, की पट्टी ज्यात बसते त्या खाचेत? दुसऱ्या दिवशी दुपारी भद्रकालीतून छोट्या पेचकसांचा संच आणला. व्हिडिओ कॉलवर भाची, बॅटरी धरायला आमचे हे, स्क्रू ठेवायला मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या. चार्जर काढला, आतली बॅटरीची पिन सोडवली, आधी नळाला हात लावून अंगातली वीज उतरवली. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेरच्या बाजूला सरकवल्या की ती तिरपी वर येते. सोनेरी दातांना हात लावायचा नाही, कडेला धरायची. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून दात पुसले. आपल्याकडच्या पावसाळी हवेने तिथे मळ बसतो आणि कधी कधी एवढ्यावरच भागतं. आमचं भागलं नाही.

मग एकेक पट्टी एकाच खाचेत घालून तीच तपासणी. पहिली पट्टी, पहिली खाच, स्वच्छ. दुसरी पट्टी, पहिली खाच, लाल ओळी. पहिली पट्टी, दुसरी खाच, स्वच्छ. म्हणजे खाचा चांगल्या, पट्टी दोन नंबरची खराब. तीन रात्री लागल्या. दुकानदाराला दहा मिनिटं लागली होती "मदरबोर्ड" म्हणायला. नवी पट्टी अकराशे रुपयांत आली. घेताना जुनी पट्टी सोबत न्या, डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या खाचा वेगवेगळ्या असतात, एकात दुसरी बसत नाही.

मोठ्या सर्व्हरच्या रॅमला आठ जादा बिट दिलेले असतात, चौसष्टांच्या जागी बहात्तर, त्यातून एक बिट चुकला तर कळतं आणि दुरुस्तही होतं. आपल्या दुहेरी नोंदीसारखंच. घरच्या लॅपटॉपला सहसा ते नसतं. तो एकेरी नोंदीचा वाणी.

आता मंडळाची फाइल. चांगली पट्टी एकटी असताना सगळी यादी छापून घेतली आणि पेन्सिलीने टिक करत बसले. चाळीस मिनिटं लागली. एकशे त्रेचाळीस नंबरची पावती, स्थळप्रतीवर काकींच्या थरथरत्या अक्षरात २१००. यादीत २६१२. २६१२ असं दान कुणी देतं का? एकवीसशे देतील, अकराशे देतील, एक्कावन्नशे देतील. पण दानपेटीतून निघालेल्या रकमा अशाच वेड्यावाकड्या असतात, त्यांच्यात माझी नजर वाहून गेली होती.

तरी मनात आलं, मीच चुकून टाइप केलं नसेल कशावरून? दोष यंत्रावर ढकलून मी मोकळी होते आहे का? सुदैवाने बैठकीच्या पंधरा दिवस आधी हीच फाइल मी सीएंना मेल केली होती. ती उघडली. एकशे त्रेचाळीस, २१००. म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं, मग कुठल्यातरी एका सेव्हमध्ये ते बदललं. भाची म्हणते, त्याच खराब घरामुळे बदललं हे शपथेवर सिद्ध करता येणार नाही. मला त्याहून जास्त सिद्ध करायचं नव्हतं. काकींच्या नोटा बरोबर होत्या, एवढं सिद्ध झालं होतं.

संवत्सरीला दोन दिवस होते. मी थांबले नाही. मिच्छामि दुक्कडम् आपण त्या दिवशी सगळ्यांनाच म्हणतो, फोनवर एकाच वेळी शंभर जणींना पाठवतो. त्या शंभरांत काकींचं घालायचं नव्हतं. आधी अध्यक्षांना फोन करून लहान बैठक घ्यायला लावली, आणि बैठकीत दोन्ही कागद सगळ्यांसमोर ठेवले, छापलेली यादी आणि जुनी मेल. नोटा मोजायच्या राहिल्या नव्हत्या, माझी टिक करायची राहिली होती, आणि त्या दिवशी मी गप्प बसले होते, असं सांगितलं. "चिकटून गेल्या असतील" म्हणाल्या होत्या त्या सभासद उठून काकींच्या शेजारी जाऊन बसल्या. मला बोलताना घसा कोरडा पडला होता.

पाकीट मी तेच परत दिलं, नोटाही त्याच, फरकाच्या खात्यातली नोंद उलटवून. काकींनी ते न मोजता बटव्यात टाकलं. मग बटव्यातून पावतीपुस्तक काढलं आणि माझ्यापुढे केलं.

"तुझं यंत्र आता नीट झालं ना? मग या सात पावत्या राहिल्यात, लिहून घे. आणि लिहून झाल्यावर मला वाचून दाखव."